वाराच्या दिवशी मोटर कुणी चालू केली?

"सौरव, कुंडीत चहा नको ओतूस..." उपासनाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सौरवने कपातला उरलासुरला चहा कुंडीत ओतलाही होता.

कुंडीतल्या मातीत दोन खिळे रोवलेले होते. खिळ्यांना वायरी जोडल्या होत्या, वायरींची दुसरी टोकं काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या एका बोर्डाला, आणि बोर्डावर बारीक लाल दिव्यांची जाळी होती. इतका वेळ त्या दिव्यांनी रडका चेहरा करून ठेवला होता. चहा मातीत मुरला आणि चेहरा हसला.

"बघ, झाडाला पण चहा लागतोय," सौरव म्हणाला.

"झाडाचा काही संबंध नाही. ओल्या मातीतून वीज जाते, कोरडीतून फारशी जात नाही. बोर्डाला तेवढंच कळतं," उपासना म्हणाली. "आणि चहात साखर होती. आता मुंग्या येतील. त्यांना हाकलायचा प्रोग्राम तू लिहायचास."

"मला जमंल काय?"

"तुला काय जमतं?"

"गोत्तिल्ल," सौरव म्हणाला. माहीत नाही म्हणायची वेळ आली की तो हमखास कन्नडात शिरायचा. कन्नडात म्हटलं की कमी लाज वाटते, असं त्याचं मत होतं.

हा सगळा कारभार बेळगावजवळच्या कंग्राळीत उपासनाच्या घराच्या व्हरांड्यात चालायचा. तिचे बाबा यशपाल सर मूळचे निपाणीचे, आता बेळगावात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. शाळांना सुट्टी लागली तसे त्यांनी हे छोटे बोर्ड आणले आणि गल्लीतल्या मुलांना बोलावलं. पहिल्या दिवशी व्हरांडा भरला होता. क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि तिघंच उरली. उपासना, कारण घर तिचंच होतं. सौरव, कारण तिथे चहा मिळायचा. आणि त्याची चुलत बहीण रूपाली, कारण तिला खरोखर एक काम होतं.

प्रोग्राम लिहायचा म्हणजे काही खरडायचं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असायचे. 'जर' लिहिलेला ठोकळा ओढायचा, त्याच्या खाचेत 'माती कोरडी' बसवायचं, खाली 'तर रडका चेहरा दाखव' अडकवायचं. ठोकळा चुकीच्या जागी असेल तर तो बसायचाच नाही. सरांचा नियम एकच होता. "घरात ज्याची गरज आहे ते बनवा. नुसतेच दिवे लुकलुकवायचे असतील तर दिवाळीत या."

रूपालीच्या घरात गरज होती ती रोपांची. तिच्या आईने, मंगलने, यंदा पहिल्यांदाच रोपवाटिका टाकली होती. शेतात हिरवी जाळी उभारून तिच्या सावलीत ट्रे मांडले होते आणि ट्रेमध्ये मिरची, वांगी, टोमॅटोची इवलीशी रोपं होती. पावसाळ्याच्या तोंडावर शेजारपाजारचे शेतकरी ती नेणार होते. रूपालीचे वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला जायचे, त्यामुळे रोपांचं सगळं मंगलच बघायची. रात्री झोपेतसुद्धा ती ट्रे मोजते, असं रूपाली सगळ्यांना सांगत फिरायची.

बुधवारी सकाळी रूपाली बोर्ड घेऊन आईबरोबर शेतात गेली. तिने एका ट्रेमध्ये खिळे रोवले. रडका चेहरा. दुसऱ्यात रोवले. तोही रडका. मग मंगलने मोटर चालू केली. पाइपाने एकदा खोकल्यासारखा आवाज काढला, थोडं गढूळ पाणी थुंकलं आणि गप्प झाला.

दोघी विहिरीकडे धावल्या. तळाशी गुडघाभर पाणी आणि त्यात दोन बेडूक, बाकी विहीर रिकामी होती.

"आजबी असं कसं गं?" मंगल कठड्यावर बसलीच. "काल तर वार होता."

इथे वार म्हणजे काय ते सांगायला हवं. यंदा गावात लक्ष्मीची यात्रा होती, आणि यात्रेआधी गाव वार पाळत होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शिवारात कुणी पाऊल टाकायचं नाही. नांगर नाही, खुरपं नाही, मोटर नाही. माणसं, बैल आणि जमीन, सगळ्यांनाच सुट्टी. ही विहीर भावकीत सामाईक होती आणि तिच्यावर मोटरही एकच होती. ज्याची पाळी असेल त्याने बाकीच्यांचे कॉक बंद करायचे, आपला उघडायचा आणि पाणी घ्यायचं. सोमवार आणि गुरुवार सौरवच्या आजोबांचे, म्हणजे मंगलच्या चुलत सासऱ्यांचे, भरमूआप्पांचे. बुधवार आणि शनिवार मंगलचे. रविवार उरलेल्या भावकीचा. म्हणजे मंगलची पाळी नेमकी वाराच्या दुसऱ्या दिवशी यायची. दिवसभर कुणी हात न लावलेली विहीर तिला काठोकाठ भरून मिळायला हवी होती.

आणि वार सुरू झाल्यापासून तिला दरवेळी तळच मिळत होता.

गुरुवारी भरमूआप्पा आपल्या पाळीला आले. बरोबर सौरव होता. आप्पा म्हणजे गावातलं मोठं माणूस, वार पाळण्यात सगळ्यांत कडक. वाराच्या दिवशी शेताकडे तोंड करून शिंकसुद्धा देणार नाहीत, असे. त्यांनी विहिरीत डोकावलं आणि मंगलला हाक मारली.

"विहीर खरवडून घेतलीस की गं."

"मामा, काल सकाळी बघितलं तवाच तळ दिसत हुता. माझी निम्मी रोपं तशीच राहिली."

"परवा दिवसभर मोटर बंद. काल तुझी पाळी. आज बघतोय तर पाणी न्हाय. मग पिलं कुणी, बेडकांनी?" आप्पांचा आवाज चढला. "का वाराच्या दिवशीच मोटर चालू करतीस? शिवारात कोण नसतंय, बघणारं न्हाय."

मंगलचा चेहरा पांढरा पडला. "मामा, देवीच्या वाराला मी असं करीन?"

"ते तूच देवीला सांग. पुढच्या शुक्रवारी आरती झाली की देवळात बसूया. तवापासनं यात्रा हुईस्तवर तुझी पाळी बंद. आमचा ऊस बघ जा. वार नीट पाळला की देवी अशी देती."

आप्पांचा ऊस खरंच हिरवागार होता. वळिवाचा एक थेंब नसताना असा ऊस पंचक्रोशीत नव्हता.

ते गेल्यावर मंगल विहिरीकडे वळली. तिने तळातलं पाणी घागरीने शेंदलं आणि झारीत भरून ट्रेवर शिंपडायला लागली. रूपालीला रडू आलं. पाळी बंद झाली तर या उन्हात रोपं आठवडासुद्धा तग धरणार नव्हती. आणि रोपं गेली तर आई पुन्हा कधी जाळी उभारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी व्हरांड्यात कुणी चहा मागितला नाही.

"माझी आई चोर न्हाय," रूपाली म्हणाली.

"कोण म्हणालं आहे म्हणून?" सौरव पुटपुटला. म्हणालेले त्याचेच आजोबा होते, त्यामुळे त्याचे कान लाल झाले होते.

"वाराच्या दिवशी विहिरीत काय होतं ते बघायला हवं," उपासना म्हणाली.

"शिवारात जायचं न्हाय ना पण त्या दिवशी. गेलो की आम्हीच वार मोडला असं हुणार."

"आपण कुठं जायचं आहे? बोर्ड सोमवारी ठेवायचा, बुधवारी काढायचा. मंगळवारी आपण घरात."

रूपालीने विचार केला. "पण बोर्डानं काम केलेलं चालंल काय देवीला?"

"त्यो काम कुठं करतोय? नुसता बघत बसणार," सौरव म्हणाला. "मी शाळेत वर्षभर तेच करतोय. त्याला कोण काम म्हणतंय?"

यशपाल सरांनी पेटीतून एक नवा सेन्सर काढून दिला. त्याला दोन गोल डोळे होते. एका डोळ्यातून तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा. तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की दुसऱ्या डोळ्याला कळायचं. जायला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. विहिरीच्या तोंडावर आडवी फळी टाकून हा खाली तोंड करून टांगला, की पाणी किती खोल आहे ते तो थोड्या थोड्या वेळाने मोजून बोर्डात साठवणार होता.

रविवारी त्यांनी विहिरीवर चाचणी घेतली आणि लॅपटॉपवर आलेख उघडला. पाणी वर, खाली, वर, एकदम कठड्यापर्यंत, पुन्हा तळाला.

"विहिरीत पाणी नाचालंय," सौरव म्हणाला.

तेवढ्यात विहिरीतून फडफड करत पारवे उडाले आणि तिघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. कपारीत राहणारे पारवे सेन्सरच्या पुढून जात होते आणि तो बिचारा पारव्यांनाच पाणी समजत होता.

"पारव्यांना सुट्टी द्यायला पाहिजे," सौरव म्हणाला.

रूपाली ठोकळ्यांकडे बघत राहिली. मग तिने एक ठोकळा ओढला. "एकदाच मोजायचं न्हाय. पाच वेळा मोजायचं, आणि लहान-मोठे आकडे सोडून मधलाच धरायचा. पारवा एखाद-दुसऱ्या वेळी आडवा यील. पाचही वेळा कसा यील?"

उपासनाने तिच्याकडे बघितलं. "हे मला का सुचलं नाही?" ती म्हणाली. तिच्या तोंडून असं क्वचितच निघायचं, म्हणून सौरवने ते तिला दोनदा म्हणायला लावलं.

सोमवारी संध्याकाळी फळी बसली. मंगळवारी सगळं गाव घरी होतं. मंगल दिवसभर दारात बसून शिवाराच्या दिशेने बघत होती आणि रूपाली तिच्याकडे बघत होती. बुधवारी उजाडताच तिघांनी बोर्ड काढला आणि व्हरांडा गाठला.

या वेळी आलेख शहाण्यासारखा वागला. रात्रभर पाणी हळूहळू वर चढत होतं. मंगळवारी सकाळीही चढत होतं. मग एका जागी रेघ वळली आणि उतरत उतरत थेट तळाला जाऊन टेकली.

"विहीर गळत असती तर रात्रीही पाणी उतरलं असतं," यशपाल सर म्हणाले. "हे उतरायला लागलंय ते शेतीला दिवसातून काही तासच मिळते ती लाईट आली त्या वेळेला. आणि एकसारखं उतरलंय. मोटर चाललीय, बाळांनो."

"पण चालू केली कुणी?" रूपालीने विचारलं. "शिवारात तर कोणच नव्हतं."

"ते आलेखात येत नाही," सर म्हणाले.

रूपालीने घरी जाऊन आईला सांगितलं. मंगलने सगळं ऐकून घेतलं आणि रूपालीच्या केसांवरून हात फिरवला. "तुझा आलेख मी मानीन गं. पण मोटर चालली एवढंच त्यात हाय. लोक म्हणतील, चाललीच की, मंगलनंच चालवली."

हे खरंच होतं. आता माणूस पकडायला हवा होता.

गुरुवारी दिवस कलताना तिघं उसाच्या कडेला दबा धरून बसली. वाराच्या आदल्या संध्याकाळी मोटरपाशी कोण घुटमळतं ते बघायचं होतं. उसाची पानं मानेला कापत होती आणि सौरवला शिंक येत होती. बऱ्याच वेळाने पावलं वाजली.

आले ते भरमूआप्पा.

त्यांनी हातपाय धुतले. मोटरच्या स्टार्टरच्या पेटीसमोर उभं राहून पेटीला हळद-कुंकू लावलं. झेंडूचं फूल पेटीवरच्या एका काळ्या खुंटीत नीट खोचलं. मग लाल बटण दाबलं, डोळे मिटून हात जोडले आणि परत फिरले.

"आप्पा तर मोटर बंद करून गेलं," सौरव कुजबुजला. त्याला हायसं वाटलं होतं.

उपासनाच्या कपाळाला मात्र आठी पडली. "काय बंद केलं? लाईट दुपारीच गेली. मोटर तर आधीच बंद पडलेली होती."

तिघं पेटीपाशी गेली. उपासनाने फूल अलगद बाजूला केलं. खाली काळी खुंटी होती आणि तिचं टोक 'ऑटो'कडे वळलेलं होतं. ही पेटी भावकीने दिवाळीत नवी बसवली होती. लाईट कधीही येते, दरवेळी कोण पळत जाऊन हिरवं बटण दाबणार, म्हणून.

"हा पण प्रोग्रामच आहे," उपासना हळूच म्हणाली. "जर लाईट आली, तर मोटर चालू. लाल बटण म्हणजे आता थांब. उद्याचं त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही."

"आणि पाणी संपलं की पेटी आपोआप मोटर बंद करती," रूपाली म्हणाली. "म्हणून मोटर जळत न्हाय आणि कुणाला कळत न्हाय. बाकीच्या दिवशी दुसरा पाळीवाला येऊन कॉक बदलतोय. पण वाराला कोण येतच न्हाय. मग आदल्या दिवशी ज्याचा कॉक उघडा..."

सौरव उसाकडे बघत होता. वारा पडलेला असूनही ऊस मजेत डुलत असल्यासारखा दिसत होता.

"देवीची कृपा," सौरव म्हणाला. "बोंबला."

रूपाली वाटेवर धावली आणि तिने आप्पांना गाठलं. "आप्पा, मोटर नीट बंद केलासा?"

"व्हय की. आजवर कवा चुकलोय काय?"

"ती काळी खुंटी हाय न्हवं, तिला फिरवलासा?"

"तिला हात लावू नगंस. शॉक बसंल," आप्पा म्हणाले. "उद्या आरतीला ये. तुझ्या आईलाबी आण." आणि ते निघूनही गेले. मोठी माणसं मुलांचं बोलणं ऐकून घेतात ते असं.

रूपाली परत आली तेव्हा सौरवचा हात खुंटीवर होता. "फिरवतो आणि विषय संपवतो. पाणी बी राहील, आप्पाचं नाव बी राहील."

"आणि आईचं?" रूपालीने विचारलं. "उद्या विहीर भरलेली दिसंल. मग म्हणतील, देवळात बसायचं ठरलं म्हणून मंगल घाबरली, तिनं या वेळी पाणी चोरलं न्हाय."

सौरवचा हात तसाच राहिला. आप्पा त्याला फार आवडायचे. पोहायला त्यांनीच शिकवलं होतं, याच विहिरीत. तो बराच वेळ फुलाशी चाळा करत उभा राहिला.

"मंगलकाकीचं नाव फुकटचं गेलंय," शेवटी तो म्हणाला. त्याने फूल पुन्हा खुंटीत खोचलं. "आप्पाचं काय, आप्पा उद्या हसतील न्हायतर मला बडवतील. सांगा, काय करायचं?"

करायचं होतं ते अंधार पडायच्या आत. बोर्डाला हादरे कळायचे, म्हणून उपासनाने तो सायकलच्या जुन्या ट्यूबने मोटरच्या पाइपाला घट्ट बांधला. मोटर चालली की पाइप थरथरणार. रूपालीने ठोकळे जोडले. जर पाइप हादरला तर, असं नुसतं नाही, कारण पारवा बसला तरी पाइप हादरेल. सलग हादरत राहिला तर. आणि मग बोर्डाला जोडलेली बोटाएवढी मोटर फिरणार आणि एक खिळा ओढून घेणार.

खिळ्याचं पुढचं काम सौरवचं. त्याने विहिरीशेजारच्या जांभळीच्या बुंध्याला लांब बांबू असा बांधला, की बुडाला लटकवलेल्या दगडाने तो ताडकन उभा राहावा. खिळ्याने तो आडवा धरून ठेवला. शेंड्याला रूपालीची लाल ओढणी. देऊळ गावाच्या उंच टोकाला होतं आणि तिथून जांभळ सरळ दिसायची.

"हे तुला कसं जमलं?" उपासनाने विचारलं.

"गोत्तिल्ल," सौरव म्हणाला, पण या वेळी छाती काढून.

शुक्रवारी आरती झाली. देवळाच्या पटांगणात सगळं गाव बसलं होतं. मंगल बायकांत अगदी कडेला पदर ओढून बसली होती. तिच्या शेजारी नेहमी बसणाऱ्या बायका आज जराशा सरकून बसल्या होत्या. यशपाल सर मागे खांबाला टेकून उभे होते. तिघं मुलं पायरीवर बसली होती आणि जांभळीवरून नजर हलवत नव्हती. लाईट अजून आलेली नव्हती. ती आज आलीच नाही तर काय, हे कुणीच मोठ्याने बोलत नव्हतं.

भरमूआप्पा उभे राहिले. "सगळ्यांनी वार पाळला. एका घरानं पाळला न्हाय, असा माझा संशय हाय. मंगल माझी सूनच, परकी न्हाय. पण देवीचा वार मोडणं बरं न्हवं. म्हणून यात्रा हुईस्तवर तिची पाळी..."

"अगंबाई, विहिरीवर काय उभं राहिलं ते?" एक बाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. रिकाम्या शिवारात, जांभळीच्या शेंड्याशेजारी, लाल ओढणी फडफडत होती.

"शिवारात कोण गेलंय?" आप्पा गरजले.

रूपाली उठली. "कोणच न्हाय, आप्पा. सगळे इथंच हाईत. आईबी इथंच हाय, बघा. मोटर चालू झाल्याबिगर ती ओढणी वर जात न्हाय. मोटर चालू झालीया."

"कुणी केली?"

"लाईटनं," उपासना म्हणाली. "पेटी ऑटोवर आहे. लाईट आली की ती आपली आपण मोटर चालू करते. काल संध्याकाळी लाईट नव्हती, तेव्हा बंद पडलेल्या मोटरचं लाल बटण दाबून काही होत नाही."

मग मागून कुणीतरी विचारलं, "काल पाळी कुणाची हुती?"

सौरवने मान खाली घातली. आप्पांनी ओढणीकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं. बोटाला अजून हळद लागलेली होती.

"माझी," ते म्हणाले. "कॉक माझाच उघडा हाय. पाणी माझ्या उसात चाललंय. दर वाराला."

कुणीतरी समजुतीने म्हणालं, "असू दे आप्पा, उद्या बंद करूया. आज शिवारात जायचं न्हाय."

"उद्या तिच्या रोपांना काय घालू, हळद-कुंकू?" आप्पा देवीकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "वार मीच मोडत आलोय. आज एकदा डोळे उघडून मोडतो." मग उपासनाला म्हणाले, "चल गं पोरी. ती खुंटी कुठल्या बाजूला फिरवायची ते दाव."

म्हातारा अनवाणी उतरणीला लागला आणि त्याच्यामागे उपासना, रूपाली, सौरव. मग एकेक करत निम्मं गाव. लांबूनच मोटरचा घरघराट ऐकू येत होता. कुणाला आता पुराव्याची गरज उरली नव्हती. आप्पांनी फूल काढलं, खुंटी फिरवली आणि घरघर थांबली. विहिरीत पाणी अजून बरंच वर होतं. आप्पा कितीतरी वेळ वाकून ते बघत राहिले.

मग ते मंगलसमोर येऊन उभे राहिले. "सोमवारची माझी पाळीबी तूच घे," ते म्हणाले. "माझ्या उसानं तुझ्या रोपांचं पाणी पिलंय."

मंगलने मान हलवली. "पाळी तुमची तुमाला असू द्या, मामा. मला पाणी नको जास्तीचं. माझ्याबद्दल जे बोललासा, ते चारचौघांत बोललासा. तेवढं परत घ्या."

आप्पा वळले. त्यांचा आवाज कधी एवढा मोठा लागला नव्हता, आणि असा कापरा तर कधीच नाही. "ऐका सगळ्यांनी. मंगलनं वार मोडला असं मी म्हणालतो. ते खोटं हाय. तिच्याइतका वार कोण पाळला नसंल. परत कुणाच्या तोंडून हे आलं तर त्यानं माझ्याकडं यायचं."

मंगलने पदर डोळ्यांना लावला. मघाशी सरकून बसलेल्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या.

"आणि हे तुला कुणी शिकवलं रं?" आप्पांनी बांबूकडे बोट करून सौरवला विचारलं.

सौरवने दोन्ही गाल झाकून घेतले. "ठोकळे त्या दोघींचे. बांबू माझा. मारणार असलासा तर बांबूपुरतंच मारा."

आप्पा आधी गालात हसले, मग सगळ्या अंगाने हसले, आणि त्यांनी नातवाला धरून छातीशी ओढलं. "आम्ही म्हातारी पेटीला कुंकू लावत बसलो. पेटी काय करती ते बघितलं तुम्ही तिघांनी. मास्तर," ते यशपाल सरांकडे वळले, "ह्यास्नी लई चांगलं शिकवलासा."

"त्यांनी पारव्यांकडून पण शिकून घेतलंय," सर हसत म्हणाले.

शनिवारी मंगलची पाळी होती. उजाडताच शेतात ही गर्दी. काही माणसं ठोकळे म्हणजे काय ते बघायला आली होती, काही उगीचच. लाईट आली तशी मंगलने आपला कॉक उघडला, आप्पांनी स्वतःच्या हाताने हिरवं बटण दाबलं आणि पाइपाच्या तोंडून पाण्याचा जाड लोट पिंपात कोसळला. सौरव सगळ्यांत पुढे होता, म्हणून सगळ्यांत आधी तोच भिजला.

मंगलने झारी भरली. नेहमी ती स्वतःच फिरायची, झारी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही, पाणी जास्त पडतं म्हणून. आज तिने ती रूपालीच्या हातात ठेवली आणि स्वतः बांधावर बसली.

"तू न्हाय घालणार?" रूपालीने विचारलं.

"तू घाल," मंगल म्हणाली. "तुझंच पाणी हाय ते."

रूपाली ट्रेच्या ओळींमधून झारी धरून चालू लागली. मागून आईचा, आप्पांचा आणि बायकांचा हसण्याबोलण्याचा गलका येत होता. माना टाकलेली मिरचीची रोपं पाणी पिऊन ऊन चढायच्या आतच ताठ उभी राहिली.